तुटलेल्या सुयांची वही आणि खरेदी खातं

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं प्रमाणपत्र मिळालं होतं. पुढच्या वर्षी, २४ एप्रिलला, ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ जणांचा बळी गेला. आदल्या दिवशी तडे दिसल्यावर खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण वरच्या मजल्यांवर शिवणकाम करणाऱ्यांना कामावर बोलावलं. तिथल्याही काही कारखान्यांची सामाजिक तपासणी झालेली होती. इमारत भार पेलेल का, हा प्रश्न त्या तपासणीत नव्हताच.

जागतिक ब्रँडचे स्वतःचे कारखाने फारसे नसतात. माल दुसऱ्याकडून शिवून घ्यायचा आणि तिथं सगळं नीट चाललंय याची खात्री ऑडिटवर, म्हणजे अशाच सामाजिक तपासणीवर, सोडायची, असा रिवाज आहे. ऑडिटर एक-दोन दिवस येतात, हजेरीपट, पगारपत्रकं, वयाचे दाखले, अग्निशामक नळकांडी, जिने बघतात, मोजक्या कामगारांशी बोलतात. कारखान्याकडे दोन वह्या असतील तर ऑडिटरला दाखवायची वही स्वच्छ असते, आणि काय उत्तर द्यायचं हे कामगारांना आधीच पढवलेलं असतं.

तरी खोटेपणा पकडता येतो, कारण सगळ्या वह्या एकदम खोट्या करणं फार अवघड. सगळ्यात बोलकी वही म्हणजे तुटलेल्या सुयांची. शिलाई मशिनची सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून, जुळवून, चिकटपट्टीने वहीत लावतात. शेजारी तारीख, वेळ आणि मशिनचा नंबर. टोक कपड्यात राहिलं तर घालणाऱ्याला टोचेल, म्हणून ही नोंद गुणवत्ता विभाग इमानदारीने ठेवतो. पगार खातं हजेरीपट ‘दुरुस्त’ करतं तेव्हा या वहीची आठवण कुणालाच राहत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या तारखेला रात्री नऊ वाजता सुई तुटलेली दिसली, तर त्या दिवशी कारखाना चालू होता, हजेरीपट काहीही म्हणो. जनरेटरच्या डिझेलची नोंद, बॉयलरची नोंद आणि गेटवरचं आवक-जावक रजिस्टरही असंच ताडून बघावं. कटिंगचे आकडेही शिलाईच्या आकड्यांशी लावून पाहावेत. रोज २४०० नग कापले जातात आणि शिलाईच्या लाइनींची (मशिनांच्या रांगांची) क्षमता १६०० असेल, तर उरलेले ८०० कुठल्यातरी न सांगितलेल्या जागी जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून शिवून घ्यायला, गेलेत. आगी आणि अपघातांचा धोका अशाच, कुणी न तपासलेल्या जागांमध्ये जास्त.

इतकं शोधूनही अहवालात शेवटी ओळ येते ती अशी: ‘जादा ओव्हरटाइम आढळला, कारखान्याने नियोजन सुधारावं.’ मला या ओळीचा मनापासून राग येतो. ज्या ऑर्डरमुळे ओव्हरटाइम झाला ती ऑर्डर उघडून बघितलेलीच नसते.

एक साधं गणित करून बघा. ६०,००० शर्टांची ऑर्डर आहे. एका शर्टाची प्रमाणित शिलाई-मिनिटं, म्हणजे मानकाप्रमाणे लागायला हवा तो वेळ, २०. एका लाइनीवर ५० माणसं, आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं, कार्यक्षमता ५० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात मानकाच्या दुप्पट वेळ लागतो. लाइनीला दिवसाकाठी १२,००० मिनिटं मिळतात, म्हणजे ६०० शर्ट. चार लाइनी लावल्या की २४०० शर्ट, आणि ऑर्डर २५ दिवसांत पूर्ण. कारखान्याने हेच धरून तारीख कबूल केली. आता बायरच्या, म्हणजे माल घेणाऱ्या ब्रँडच्या, डिझाइन टीमने कापडाच्या रंगाला मंजुरी द्यायला सात कामाचे दिवस उशीर केला, शिपमेंटची तारीख मात्र तीच ठेवली. उरलेल्या १८ दिवसांत नेहमीच्या वेळेत होणार ४३,२०० शर्ट. राहिलेल्या १६,८०० साठी प्रत्येकाला ५६ तास जादा काम, म्हणजे रोज तीन तासांच्या वर. सहा दिवसांच्या आठवड्याला ४८ अधिक साधारण १९, असे ६७ तास. बहुतेक ब्रँडच्या आचारसंहितेत कमाल मर्यादा ६० ची असते. म्हणजे ब्रँडची आचारसंहिता मोडली ती ब्रँडच्याच एका ईमेलने.

अशा वेळी कारखान्यापुढे तीनच वाटा उरतात: ओव्हरटाइम, चोरून जॉबवर्क, किंवा स्वतःच्या खर्चाने विमानाने माल पाठवणं. विमानभाडं जहाजाच्या कितीतरी पट असतं, त्यात सगळा नफा जातो. म्हणून पहिल्या दोन वाटाच निवडल्या जातात.

व्यवसाय आणि मानवी हक्कांबाबतची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं २०११ मध्ये मंजूर झाली. त्यांवरच्या अधिकृत विवेचनात जवळजवळ असंच उदाहरण आहे: किंमत किंवा मुदत न बदलता अखेरच्या क्षणी मालात बदल सांगणारी कंपनी उल्लंघनाला हातभार लावते. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या जर्मनीच्या पुरवठा साखळी कायद्यातही खरेदीच्या पद्धतींचा स्पष्ट उल्लेख आहे. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये झालेला बांगलादेश अकॉर्ड हा आग आणि इमारतींच्या सुरक्षिततेचा करारही उपयोगी पडला, आणि त्याची कारणं कागदावर दिसतात. दोनशेहून अधिक कंपन्यांवर तो कायद्याने बंधनकारक होता, तपासणी स्वतंत्र इंजिनिअर करत, अहवाल जाहीर होत. शिवाय, कारखान्याला इमारत सुरक्षित ठेवणं परवडेल अशा व्यापारी अटी ठरवण्याची जबाबदारी ब्रँडवर होती.

मग ब्रँडच्या खरेदी खात्याने करायचं काय? ऑर्डरमध्येच लिहावं की मंजुरीला जितके दिवस उशीर, तितकी शिपमेंट आपोआप पुढे. बायरमुळे विमानाची वेळ आली तर भाडं बायरचं. दराची घासाघीस करताना मजुरी वेगळी काढून तिला हात लावू नये. ती काढताना कार्यक्षमता धरायला विसरू नये, कारण २० प्रमाणित मिनिटांचा शर्ट ५० टक्क्यांवर शिवला की पगार ४० मिनिटांचा द्यावा लागतो. दर ठरवताना २० मिनिटं धरणं ही नेहमीची चूक आहे, आणि तिची किंमत शिवणारी बाई देते.

पैसे कधी देणार, हेही तितकंच महत्त्वाचं. कापडाचे पैसे कारखाना आधी भरतो आणि बायर ९० किंवा १२० दिवसांनी देतो. मार्च २०२० मध्ये अनेक मोठ्या ब्रँडनी शिवून तयार असलेल्या ऑर्डरीसुद्धा रद्द केल्या, तेव्हा हा सगळा भार एका फटक्यात पुरवठादारांवर आणि तिथून पगारावर आला. कापड कापल्यानंतर ऑर्डर रद्द करायची तर पूर्ण रक्कम द्यावी लागेल, हे कलम करारात हवंच.

कारखान्यात दोष सापडला की लगेच तिथून ऑर्डरी काढून घेणं हे तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. कामगाराची नोकरी जाते, दोष तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही. निघायचंच असेल तर निदान एक हंगाम आधी कळवावं, सगळी बिलं चुकती करावीत आणि कामगारांची देणी दिली गेली का ते तपासावं.

या सगळ्याला दात यायचे तर खरेदी खात्यात ऑर्डरी देणाऱ्या प्रत्येक माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात दोन आकडे घालावेत: मंजुऱ्या किती दिवस उशिरा दिल्या, आणि त्या महिन्यांत त्याच्या पुरवठादारांकडे किती तास ओव्हरटाइम झाला. दोन्ही कंपनीच्याच फायलींत आधीपासून पडलेले असतात, फक्त वेगवेगळ्या खात्यांकडे.