नेरूळमार्गे खानदेश : १४४४ ची वाट आणि गुजरातच्या मैत्रीची किंमत

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या राज्य चालवण्याच्या संगणकीय खेळामध्ये खानदेश घेऊन निघणाऱ्याने पहिल्याच महिन्यात गुजरातशी मैत्रीचा करार करावा, म्हणजे पुढची पन्नास वर्षे त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही, असे मार्गदर्शन करणाऱ्या चित्रफिती मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सापडतात. त्या सल्ल्यावर विसंबून आम्ही निघालो आणि पहिल्या दहा वर्षांतच राज्य जवळजवळ गमावून बसलो. याच वाटेने जाणाऱ्यांना तो फटका बसू नये, एवढ्यासाठीच हा वृत्तांत लिहीत आहे. ज्यांना खेळ थांबवून आज्ञा देणे, सैन्याचा देखभाल खर्च कमी-जास्त करणे, हेरजाळे उभारून प्रांतावर दावा तयार करणे या गोष्टी अंगवळणी पडलेल्या नाहीत, त्यांनी आधी एखाद्या मोठ्या राज्यावर हात बसवावा. खानदेश शिकण्यासाठी नाही.

आम्ही काही मित्र पावसाळ्यातले शनिवार-रविवार नेरूळला एकाच्या घरी जमत होतो. मी आणि आणखी एक जण ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाच्या लोकलने जात असू. एकच राज्य, सर्वांनी मिळून चालवायचे, आणि तेही आयर्नमन पद्धतीने, म्हणजे मागे जाऊन जुना डाव पुन्हा उघडण्याची सोय नाही, असे ठरले होते. दुबळे राज्य खेळायचे असेल तर याच पद्धतीने खेळावे, कारण हरलेली लढाई पुसून टाकता येत असेल तर दुबळेपणाला काही अर्थच उरत नाही.

नकाशा थोडक्यात सांगतो. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो. त्या काळी खानदेशात फारुकी घराण्याचा मिरान मुबारक खान गादीवर होता. उत्तरेला माळव्यात महमूद खिलजी, दक्षिणेला बिदरच्या गादीवर बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद शाह आणि पश्चिमेला गुजरातची सल्तनत, असे तीन बलाढ्य शेजारी. तापीचे खोरे ही उत्तरेतून दख्खनेत उतरण्याची वाट आहे आणि त्या वाटेवर अशीरगड उभा आहे. अकबराने तो १६०१ मध्ये घेतला तेव्हाच फारुकींचे राज्य संपले, यावरून ती जागा किती मोक्याची होती हे कळते. १४४४ च्या थोडे आधीची एक गोष्ट मात्र मार्गदर्शक सांगत नाहीत. मुबारक खानाचा आजोबा नासिर खान याने आपली मुलगी बहमनी घराण्यात दिली होती, आणि तरीही त्याच बहमनींच्या फौजेने पुढे बुऱ्हाणपूर लुटले. बलाढ्य शेजाऱ्याशी जोडलेले नाते या राज्याला प्रत्यक्षातही स्वस्तात पडले नव्हते.

पहिली दोन-तीन वर्षे सुखाची गेली. दूत अहमदाबादला पाठवला, संबंध सुधारले, करार झाला. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरा घाट त्यानंतर सुरू होतो. गुजरात आणि माळवा एकमेकांचे प्रतिस्पर्धी असल्याने युद्ध पेटले आणि गुजरातने आम्हाला बोलावले. बोलावणे नाकारले तर मैत्री तुटते आणि प्रतिष्ठाही घटते, म्हणून गेलो. आमची अपेक्षा अशी होती की गुजरातची मोठी फौज माळव्याला गुंतवून ठेवील आणि आम्ही कडेकडेने एखादा प्रांत ताब्यात घेऊ. प्रत्यक्षात माळव्याची फौज सरळ आमच्यावर आली. संगणक चालवत असलेली राज्ये अनेकदा शत्रूच्या गटातला सर्वांत दुबळा घटक आधी निवडतात, आणि त्या गटात सर्वांत दुबळे आम्हीच होतो. गुजरातची सेना तिकडे आपल्या आवडीच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती, आणि मित्रसेनेला थेट आज्ञा देण्याची सोय खेळात नाही. त्यात पावसाळ्याचे महिने लागले, तेव्हा सैन्याची झीज वाढली. राजधानीचा किल्ला पडला, मनुष्यबळ शून्यावर आले आणि खजिना रिकामा झाला.

येथे भाडोत्री सैन्याविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त लूट तेथेच झाली. आम्ही ज्या सल्ल्यावर चाललो होतो तो २०२० पूर्वीचा होता, हे कोठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते. त्या काळी भाडोत्री सैनिकांच्या एकेक तुकड्या हव्या तेवढ्या घेता येत असत, त्यामुळे ‘अडचण आली की चार तुकड्या भाड्याने घ्या’ हा सल्ला तेव्हा योग्यच होता. जून २०२० मधल्या १.३० या आवृत्तीपासून ही व्यवस्था पूर्णपणे बदलली. आता ठरलेल्या आकाराच्या संपूर्ण कंपन्याच घ्याव्या लागतात; आधी एकरकमी मोबदला द्यायचा आणि पुढे दरमहा पगार. त्यांचे मनुष्यबळ स्वतंत्र असते हे खरे, आणि मोठ्या राज्याला ती सोयच आहे; पण खानदेशाच्या उत्पन्नात अशी एक कंपनी काही महिने पोसायची म्हणजे कर्ज काढावेच लागते. आम्ही एक कंपनी घेतली, तिच्यासाठी कर्ज काढले, त्या कर्जाचे व्याज भरण्यासाठी दुसरे काढले, आणि ती कंपनी पहिल्याच मोठ्या लढाईत नदी ओलांडून हल्ला करताना अर्धी कापली गेली. मूळ व्याजदर वार्षिक ४ टक्के हा कागदावर किरकोळ वाटतो. परंतु प्रत्येक कर्जाबरोबर महागाई थोडी वाढते, पाच वर्षांनी मुद्दल समोर उभे राहते आणि ते फेडायला पुन्हा कर्ज काढावे लागते. माळव्याची फौज आमच्या मुलखातून निघून गेल्यावरही हे चक्र कितीतरी काळ फिरत राहिले. दिवाळखोरी जाहीर केली असती तर आणखी पाच वर्षे राज्य कोणत्याही कामाचे राहिले नसते.

माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या पंचवीस वर्षांत खानदेशाने भाडोत्री कंपनीला हातही लावू नये. राजधानी पडत असेल तर पडू द्यावी आणि कर्जाऐवजी तहाचा विचार करावा.

तहाचे कलम तर याहून महत्त्वाचे आहे. मित्राने सुरू केलेल्या युद्धात तहाची बोलणी युद्धाचा नेता करतो, आणि त्या तहात त्याच्या बाजूच्या कोणत्याही राज्याचा प्रांत जाऊ शकतो. याचा अर्थ गुजरातने हार मानली तर किंमत आपण मोजायची. म्हणून राजधानीचा किल्ला पडण्याची चिन्हे दिसताच शत्रूशी वेगळा तह करून, लागेल तेवढे पैसे देऊन बाहेर पडावे. पैसा परत मिळवता येतो, पण दोन-तीन प्रांतांच्या राज्याने एक प्रांत गमावला की त्याचे कंबरडे मोडते. त्या रात्री ठाण्याची शेवटची लोकल गाठायची होती आणि सगळे थकलेले होते, तरी याच निर्णयावर आमचा डाव वाचला. भरपाई देऊन सुटलो, प्रांत एकही गेला नाही.

मग मैत्री कोणाशी करायची? मेवाडशी. तेथे राणा कुंभा आहे, माळव्याशी त्याचेही वैर आहे आणि शत्रूचा शत्रू म्हणून करार होण्यास मदत होते. धर्म वेगळा असल्याने संबंध सुधारायला वेळ लागतो, म्हणून दूत पहिल्याच दिवशी तिकडे रवाना करावा. मुख्य फायदा असा की मेवाड माळव्याच्या पलीकडे आहे. युद्ध लागले की माळव्याला दोन दिशांना पाहावे लागते आणि आपण वाटेतले पहिले सावज ठरत नाही. गुजरातशी संबंध चांगले ठेवावेत, पण करार टाळावा. चांगले संबंध असलेले राज्य सहसा चढाई करत नाही आणि आपल्याला स्वतःच्या युद्धातही ओढत नाही. खानदेशाला त्याच्याकडून एवढेच हवे आहे.

स्वतः युद्ध सुरू करताना मित्राला बोलवायचे तर जमिनीचे वचन द्यावे लागते किंवा त्याच्यावर केलेले उपकार जमलेले असावे लागतात. वचन देऊन न पाळल्यास विश्वास घसरतो. दुबळ्या राज्याकडे देण्यासारखी जमीन नसते, म्हणून उपकार साठेपर्यंत थांबावे. त्या काळात माळव्यात हेरजाळे विणून दावा तयार करून ठेवावा. तो २५ वर्षे टिकतो. लष्करी तंत्रज्ञानाची चौथी पायरी शेजाऱ्यांच्या आधी गाठावी, कारण तिच्यामुळे सैन्याचे मनोधैर्य लक्षणीय वाढते. शांततेत देखभाल खर्च खाली ठेवावा, मात्र युद्धाच्या काही महिने आधी तो पूर्ण वर न्यावा, नाहीतर खचलेल्या मनोधैर्याची फौज पहिल्याच चकमकीत पळते.

दुसरी दिशाभूल बहमनींबाबत होते. इतिहासात ती सल्तनत १४९० पासून फुटत गेली आणि अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, बिदर, गोवळकोंडा अशी पाच राज्ये उभी राहिली, म्हणून १४९० पर्यंत दक्षिणेकडे पाहूच नका, असे सांगितले जाते. आमच्या डावात १४९० उलटले, १५०० उलटले, तरी बहमनी अखंड होते आणि पूर्वीपेक्षा मोठे झाले होते. खेळ इतिहासाच्या तारखांना बांधलेला नाही. आपले नियोजन दुसऱ्याच्या विघटनावर आधारणे हे दुबळ्या राज्यासाठी सर्वांत धोकादायक आहे, हे मी ठामपणे सांगतो.

माळव्यावरची आमची चढाई मात्र फार सुंदर झाली. मेवाडने एकीकडून त्याला गुंतवले, त्याची फौज उत्तरेला गेली, आणि आम्ही पावसाळा संपताच दक्षिणेकडचे दोन किल्ले घेऊन बसलो. पहिला प्रांत हाती आला तेव्हा नेरूळच्या त्या खोलीत झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही, आणि त्या भरात मी असेही म्हणेन की खानदेश हे भारताच्या नकाशावरचे खेळण्यास सर्वोत्तम राज्य आहे. एका तहात फार घेऊ नये, एवढे मात्र सांभाळावे. आक्रमकपणाचा आकडा ५० च्या पुढे गेला की नाराज शेजाऱ्यांची आघाडी उभी राहू शकते. त्यानंतरची तीसेक वर्षे आरामात गेली, ती वगळतो.

खर्चाविषयी शेवटचे. सर्व विस्तार-पॅक विकत घेण्याची काहीही गरज नाही. त्यांची एकत्रित किंमत मूळ खेळाच्या कितीतरी पट होते. भारतात खेळणाऱ्याने २०१८ चा ‘धर्मा’ तेवढा घ्यावा, किंवा महिन्याची वर्गणी भरून डाव संपताच ती बंद करावी. ठाण्याहून एकत्र खेळायला जाणाऱ्यांनी नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटावरून वाशीची गाडी पकडू नये. तुर्भ्यानंतर मार्ग वेगळे होतात, नेरूळसाठी पनवेल किंवा नेरूळची गाडी हवी. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्रीच पाहावे, आणि असल्यास युद्धाची घोषणा शनिवारीच उरकावी, कारण अर्धे मंत्रिमंडळ ऐरोलीत अडकलेले असताना वेढा चालवणे कठीण जाते.