मत द्यायला पाच डॉलर

"अगं, तुमच्या अमेरिकेतली निवडणूक तर नोव्हेंबरातच झाली ना?" २०२५च्या एप्रिलमध्ये अलिबागहून आत्याचा फोन आला. मी पेसाखसाठी, आमच्या वल्हांडणाच्या सणासाठी, स्वयंपाकघर घासत होते आणि बोलता बोलता मत देऊन आल्याचं सांगून बसले होते.

"आत्या, ही वेगळी. जगभरच्या यहुद्यांची. आणि मत द्यायला पाच डॉलर भरावे लागतात."

पलीकडे शांतता. मग, "मत द्यायला पैसे? आपल्याकडे तर मत देणाऱ्यालाच मिळतात म्हणे!"

तिला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. ती निवडणूक होती जागतिक झायोनिस्ट काँग्रेसची. यहुद्यांनी सियोनला, म्हणजे इस्राएलच्या भूमीत, परतावं अशी जी चळवळ, तिची ही परिषद. चळवळीचा पुढारी थिओडोर हर्झलनं ती १८९७ साली स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये पहिल्यांदा भरवली. आता ती साधारण दर पाच वर्षांनी जेरुसलेमला भरते. पाचशेच्या वर प्रतिनिधींपैकी १५२ अमेरिकेचे. इस्राएलचे प्रतिनिधी तिथल्या संसदेतल्या पक्षांच्या बळावर ठरतात, त्यामुळे नोव्हेंबर २०२२मध्ये क्नेसेटसाठी, म्हणजे त्या संसदेसाठी, मतदान केलेल्यांना इथे पुन्हा मत नव्हतं. आमच्यासारख्यांनी ऑनलाइन मत द्यायचं, तेही माणसाला नाही, यादीला. २०२५ला वीसहून अधिक याद्या होत्या. रिफॉर्म, कॉन्झर्व्हेटिव्ह, ऑर्थोडॉक्स असे धर्मातले पंथ, शिवाय डावे, उजवे. वाचता वाचता माझा चहा गार झाला.

आता या काँग्रेसच्या हातात काय? नुसती भाषणं असती तर मी पाच सेंटही दिले नसते. पण केरेन कायेमेत नावाची जी संस्था आहे, जिच्यासाठी यहुदी घरांतून निळ्या डब्यात नाणी टाकतात तीच, तिच्याकडे इस्राएलमधली सुमारे १३ टक्के जमीन आहे. तिच्या चाव्या कुणाकडे जाणार हे इथल्या मतांवरून ठरतं. यहुद्यांना इस्राएलला नेऊन वसवणाऱ्या ज्या ज्यूइश एजन्सीच्या मदतीनं कोकणातली आमची घरंच्या घरं कुलूप लावून निघून गेली, तिच्या कारभारातही या काँग्रेसच्या लोकांना जागा असतात. कुठल्या पंथाच्या शाळांना, सिनगॉगना (प्रार्थनामंदिरांना), तरुणांच्या संघटनांना किती पैसे मिळायचे, हा तर दरवेळचा भांडणाचा विषय.

आणि इथे आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, एक जुनी गोष्ट येते. १८९७च्या त्या पहिल्या परिषदेचं आमंत्रण मुंबईला आपल्या मंडळींनाही आलं होतं. आपल्या वडीलधाऱ्यांनी नाही म्हणून कळवलं. सियोनला परत न्यायचं ते देवाच्या हातानं, माणसांच्या सभेनं नाही, अशी त्यांची धारणा. मला त्यात एक ऐट दिसते, खोटं का बोलू. आमचे पूर्वज म्हणून सांगतात ती सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर लागल्यापासून, शनिवार पाळायचा म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवून जगलेली माणसं. म्हणून तर गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांना बाझलची काय गरज?

पण साठीच्या दशकात हीच माणसं इस्राएलला पोचली तेव्हा तिथल्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळानं विचारलं, तुमच्या आज्या-पणज्यांची लग्नं-घटस्फोट धर्माप्रमाणे झाले होते का? इतर यहुद्यांशी लग्न करायचं तर वंशावळ तपासून घ्या. शनिवार तेल्यांना कोणी हे विचारलं नव्हतं हो, अलिबागेत! १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक बायकापोरांसकट जेरुसलेमला आंदोलनाला बसले, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटनं जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी आहेत.

बाझलला गेलो असतो तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. रब्बींचं मंडळ वेगळं, काँग्रेस वेगळी. पण "यहुदी कोण" हे दुसऱ्यांनी बसून ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून ज्या खोलीत या पंथाचं वजन वाढतं आणि त्याचं घटतं, तिथे आपलं एक बोट तरी असावं, एवढंच माझं म्हणणं. २०२०मध्ये अमेरिकेत सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली होती, २०२५मध्ये दोन लाखांच्या वर. पण इथे यहुदी आहेत साठ-सत्तर लाखांच्या घरात. म्हणजे आपल्या एका इमारतीतले लोक उठले तरी फरक पडेल अशी स्थिती.

घरात मात्र माझं चाललं नाही. मत देण्याआधी जेरुसलेम प्रोग्राम मान्य असल्याचं कबूल करावं लागतं. झायोनिझमचं अधिकृत धोरणपत्रच ते. माझा अठरा पूर्ण झालेला मुलगा तिथेच अडला. गाझाच्या बातम्या बघून हे मी कसं कबूल करू, म्हणाला. मी म्हटलं, धोरण न पटणाऱ्यांनी बाहेर राहून ते बदलणार कसं? तो म्हणाला, आई, तुझे पणजोबा तरी वेगळं काय म्हणाले होते? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेडरच्या, म्हणजे पेसाखच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री नारळाच्या दुधातली करी वाढतानाही आम्ही जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

४ मे, रविवार, मतदानाचा शेवटचा दिवस. रात्री साडेदहाला मुलगा खाली आला आणि माझं क्रेडिट कार्ड मागितलं. कुठल्या यादीला दिलं, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.