तुम्ही विचारलंत म्हणून : बातमी लावायचे किती घेता?

लग्नाची पंगत असो की एसटीतली शेजारची सीट, मी पत्रकार आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग बातमी लावायचे किती घेता?" विचारणारा हसत असतो, म्हणून आपणही हसायचं. हसून झालं पुष्कळ.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: घेतात ते मालक, वार्ताहर नाही. अर्धं खरं आहे. पण वार्ताहराचं मानधन तुटपुंजं ठेवायचं, वर त्यालाच पुरवणीच्या जाहिराती आणायला लावून कमिशन द्यायचं, मग ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध तो काय लिहिणार? हे तेव्हाही माहीत होतं. सांगायचे नाही, इतकंच.

२००९ची विधानसभा निवडणूक घ्या. मतदान १३ ऑक्टोबरला. आधीच्या आठवड्यात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे गोडवे गाणारा एकच मजकूर तीन स्पर्धक मराठी दैनिकांत आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघड केलं. आता डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात लावतात तिथे, काय होतं ते सांगते. एकाच सभेला गेलेले दोन वार्ताहर सुरुवात एकसारखी करत नाहीत. प्रेसनोट तीच असली तरी उपसंपादक मथळा बदलतो, जागा नसेल तर खालून दोन परिच्छेद उडवतो. तीन डेस्कांवरून गेलेला मजकूर शब्दाला शब्द तसाच उरत नाही. उरला, तर त्याला कुणी हात लावलेला नाही. चव्हाणांच्या निवडणूक हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. मजकूर पैसे देऊन छापून आणल्याचा आरोप त्यांनी नाकारला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने हिशेबावर ठपका ठेवला, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्याच्या लेखी विषय संपला.

मला जास्त लागलं ते पुढचं. वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुरावर, ७१ पानी अहवाल लिहिला, वृत्तपत्रांच्या नावांसकट. कौन्सिलने २०१० मध्ये काढली त्याची छोटी, बिननावांची आवृत्ती. पूर्ण अहवाल बाहेर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती आयोगाने आदेश दिल्यावर. माहितीच्या अधिकारावर अग्रलेख लिहिणारा आमचा धंदा!

तेव्हा संशय घ्या, पण नीट घ्या. निवडणुकीच्या दिवसांत मजकुराला नाव नाही, विरोधकाचं एक वाक्य नाही, टाइप बाकीच्या पानापेक्षा वेगळा, आणि एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवारांचा 'विजय निश्चित', असं दिसलं की कात्रण कापा, तारीख टाका आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे द्या. दुसऱ्या दैनिकातलं जुळं सापडलं तर तेही जोडा. उशीर करू नका, प्रसिद्धीपासून ९६ तासांच्या आत उमेदवाराला नोटीस जावी लागते. त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. ठरलंच पेड, तर रक्कम त्याच्या खर्चात धरतात. बस्स. पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. छापणाऱ्याला कौन्सिल फार तर समज देईल, निर्भर्त्सना करील.

आणि तरी "सगळे विकले गेलेत" म्हणालात की माझी तार सटकते. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादावर लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ला जमिनीच्या एका दलालाविरुद्ध त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. गाडी चालवल्याच्या आरोपावरून अटक झाली ती बातमीतल्याच माणसाला. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला, २०१९ पासून लागू आहे.

वारिशेंचं नाव घेऊन मी २००९ झाकत नाही. झाकायला गेले तरी झाकणार नाही. पण पंगतीत कुणी "किती घेता?" विचारतं तेव्हा यातलं नेमकं काय सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. बहुतेक वेळा मी मठ्ठा मागते.