नुसता कूलर

सकाळपासून मोबाइलमधली ती दोन मिनिटं मनातून जात नाहीत. रात्री ह्यांनी माझी झोप रेकॉर्ड केली. आधी माझं घोरणं, मागे कूलरची घरघर. मग घोरणं एकदम थांबतं. खसच्या ताटीवरून पाणी ठिबकतं तेही ऐकू येतं, इतकी मी चूप. 22 सेकंद नुसता कूलर. मग घशातून ओढून घेतलेला एक श्वास, विहिरीतून वर आल्यासारखा.

"हे कधीपासून होऊन राहिलं?"

"दिवाळीपासून तर मी मोजूनच राहिलो."

दिवाळीपासून! रोज सकाळी मी डोकं धरून गोळीची स्ट्रिप शोधत होते, आणि हा माणूस रात्रभर माझा श्वास मोजून गप्प. का नाही सांगितलं? "आईचं आत्ताच झालं होतं, अन् तू..." एवढंच म्हणाले. मला रडूच आलं. माझ्याच शरीराची गोष्ट, आणि ती सगळ्यात शेवटी मला कळावी?

दुपारी धंतोलीला गेलो. डॉक्टरांनी रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. दुखणं दोन्ही बाजूंनी का, मळमळतं का, किती वेळ राहतं? माझं दोन्हीकडून आवळल्यासारखं, मळमळ नाही, दहा वाजेपर्यंत आपोआप उतरतं. झोपेत श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबला की ते थांबणं मोजणीत धरायचं, म्हणाले. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि सकाळचं डोकं त्यातूनही दुखू शकतं.

मग पर्समधल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. झोपेची गोळी आईनंतरची. काही झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. म्हणजे गाढ झोप लागावी म्हणून घेत होते, तिनेच ती 22 सेकंदं वाढवली असतील? हे मला अजून पचत नाही. आणि डोकेदुखीची साधी गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर चालली, तर गोळीच डोकं दुखवायला लागते. कॅफीनवाल्या मिश्र गोळीला 10 दिवसही पुरतात. माझी तीच. किती दिवस घेता, विचारलं तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना तेही ठाऊक होतं.

झोपेची गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करू, म्हणाले. पुढच्या आठवड्यात एक रात्र तारा लावून झोपेची तपासणी. तोवर दुधाच्या कॅलेंडरवर डोकेदुखीची फुली आणि गोळीचा टिंब. आजची फुली टाकली. टिंब नाही.

ठणका आत्ता जरा कमी आहे. रागही. सहा महिने एकट्याने मोजलं, ह्यांचीही झोप गेलीच की. मी कधी विचारलं, डोळे का लाल आहेत म्हणून?

कुशीवर झोपायला सांगितलंय. हे मघाशीच माझ्या पाठीशी लोड लावून गेले आणि कूलर बारीक केला. एवढ्या उन्हाळ्यात काहून, म्हटलं.

"ऐकू आलं पाहिजे ना."