बीकॉमनंतर सर्व्हिस डेस्क: माझा अनुभव

सर्व्हिस डेस्क म्हणजे कंपनीतल्या लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी फोनवर सोडवणारा विभाग. मी तिथे कशी पोचले, ते सांगते. इंदापूर तालुक्यातून बीकॉम करून २०१९ साली पुण्यात आले ती अधिकारी व्हायला. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खिडकीपासून तिसरी जागा माझी, तीन वर्षं तीच. २०२२ च्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा यादीत नाव नाही म्हटल्यावर आप्पा फोनवर म्हणाले, "बाळा, आता हाताला काहीतरी लागेल असं बघ." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच महिन्यात माझा जुना लॅपटॉप बंद पडला. माझा मावसभाऊ तपकीर गल्लीत दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, त्याच्याकडे घेऊन गेले. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, स्क्रीन मात्र काळी. दादाने स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मलाच विचारलं, शेवटचा कधी चालू होता? त्यानंतर पडला का, पाणी सांडलं का, कुणी उघडला का? मी म्हटलं, गावाला एसटीने नेला होता, आल्यापासून असाच आहे. मग त्याने मागचं झाकण काढलं, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी बाहेर काढली आणि तिच्या सोनेरी कडेवरून साधं पांढरं खोडरबर हळूहळू फिरवलं. रबरावर काळपट रेघ उमटली. पट्टी परत दाबली, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला आणि स्क्रीन उजळली. "काल चालू होतं ना? मग आज काय बदललं, तेवढंच शोधायचं," तो म्हणाला. तेव्हापासून दर शनिवारी मी त्या दुकानात जाऊन बसायला लागले.

पुढची चूक सांगायलाच हवी, कारण आजही मुलं ती करतात. एका क्लासने 'शंभर टक्के नोकरी' म्हणून माझ्याकडून नोंदणीचे पाच हजार घेतले. अभ्यासक्रमात एमसीएसए होतं. ते सर्टिफिकेशन मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्येच बंद केलंय, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या माणसाने सांगितलं, दोन वर्षांचा अनुभव दाखवून देऊ, पत्र आम्ही देतो. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, पीएफचा यूएएन नंबर असतो, त्यावरून तू कुठे किती दिवस होतीस ते पडताळणीत दिसतं, आणि खोटं निघालं तर लागलेली नोकरीही जाते. मी क्लास सोडला. पैसे परत मिळाले नाहीत. ते आप्पांचे पैसे होते आणि ती गोष्ट मला अजून टोचते.

मग मी स्वतःच कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लसचा, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या पायाभूत सर्टिफिकेशनचा अभ्यास सुरू केला. त्याच्या दोन परीक्षा असतात, कोअर १ आणि कोअर २. प्रत्येकीला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. मी दिल्या त्या २२०-११०१ आणि २२०-११०२; आता नव्याने देणाऱ्यांना १२०१ आणि १२०२ द्याव्या लागतात. ए प्लस शिकवणाऱ्या प्रोफेसर मेसर यांचे सगळे व्हिडिओ फुकट बघता येतात आणि नेटवर्कचा सराव करायचं सिस्कोचं पॅकेट ट्रेसरही फुकट मिळतं, त्यामुळे अभ्यासाला खर्च आला नाही. खर्च आला तो परीक्षेच्या फीचा, आणि ती दोनदा भरायची असते.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी व्हिडिओ दोन-दोनदा बघायचा आणि मग वहीत मराठीत माझ्या भाषेत लिहायचं, अशी सवय लावून घेतली. डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरला आपोआप पत्ता देण्याची पद्धत, मला समजलं ते आमच्या कॉट बेसिसच्या काकूंमुळे. नवी मुलगी दारात आली की काकू तिला रिकामी खाट देतात, महिन्याची मुदत घालून. मुदत संपत आली की पुन्हा विचारायचं. कॉम्प्युटरला पत्ता मिळतो तोही असाच, ठराविक मुदतीचा. आणि काकू घरीच नसतील तर मुलगी बॅग घेऊन जिन्यात बसून राहते. विंडोज मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, पत्ता वाटणाऱ्यापर्यंत हाक पोचलेली नाही. ती पोरगी जिन्यात बसली आहे. ही वही आजही माझ्याकडे आहे.

ए प्लसच्या अभ्यासात दुरुस्तीच्या सहा पायऱ्या येतात: अडचण नेमकी ओळखा, संभाव्य कारण ठरवा, ते तपासून बघा, उपाय आखून करा, सगळं नीट चालतंय का ते पाहा आणि शेवटी लिहून ठेवा. पहिल्या पाच दादा रोज करायचा. सहावी त्या दुकानात कुणीच करत नव्हतं, आणि तिचं मोल मला पुढे कळलं.

कोअर १ ला पास व्हायला ६७५ गुण लागतात, ती पहिल्या फटक्यात सुटली. कोअर २ ला ७०० लागतात, मला ६८८ पडले. निकाल लगेच स्क्रीनवर दिसतो. सेंटरच्या लॉकरमधून घड्याळ आणि पाकीट काढताना माझे हात थरथरत होते. नापास झालं तर फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. दोन महिने एका दुकानात बिलिंगचं काम करून पैसे जमवले आणि मार्च २०२३ मध्ये पास झाले.

नोकरी शोधताना कळलं की पुण्यातल्या मी पाहिलेल्या जाहिरातींत ए प्लसचं नाव क्वचितच असतं. आयटीआयएल (आयटी सेवा चालवण्याची पद्धत), सीसीएनए (सिस्कोची नेटवर्कची परीक्षा), अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली अकाउंट आणि पासवर्ड सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली), 'रोटेशनल शिफ्ट' हे शब्द असतात. म्हणून ज्यांना एकच परीक्षा परवडणार आहे त्यांनी आधी पन्नास जाहिराती वाचाव्यात आणि मग ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ए प्लसने मला कामाची शिस्त दिली, पण मुलाखतीचं बोलावणं आणण्यात तिचा वाटा थोडा होता. सकाळी मनपावरून हिंजवडीची बस धरायची, वॉक-इनच्या रांगेत दुपारपर्यंत उभं राहायचं, आणि "कळवतो" ऐकून परतायचं. असं सहा वेळा झालं. तीन ठिकाणी फक्त इंग्रजीवर नापास.

सातवी मुलाखत खराडीत. समोरच्या मॅडमनी विचारलं, "युजर म्हणतो इंटरनेट चालत नाही. काय कराल?" आधीच्या मुलाखतींत मी लगेच कमांड सांगायला लागायचे, फ्लश डीएनएस वगैरे. यावेळी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, आधी विचारेन, काल चालू होतं का, एकट्याचंच बंद आहे की शेजाऱ्याचंही, आणि मधे काय बदललं. त्या हसल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. नोकरी मिळाली ती दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवर, कॉन्ट्रॅक्टने, हातात साडेसोळा हजार आणि इंग्लंडच्या वेळेची शिफ्ट. आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सर्व्हिस डेस्कवर पहिले तीन महिने फोन वाजला की पोटात गोळा यायचा. नाव, सिरीयल नंबर चुकू नये म्हणून ए, बी, सी साठीचे अल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द कॅबमध्ये बसून पाठ केले. पासवर्ड रिसेट, प्रिंटर, व्हीपीएन, पुन्हा पासवर्ड. लोक या कामाला कमी लेखतात, मला ते पटत नाही. पलीकडच्या माणसाचं काम अडलेलं असतं आणि तो आपल्या भरवशावर फोन धरून असतो.

एका रात्री गोदामात काम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. अकाउंट लॉक झालं होतं. मी अनलॉक करणार, तेवढ्यात जुनी तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी उघडल्या. आठ दिवसांत पाचवं. आधीच्या चारही तिकिटांत एकच ओळ: 'अनलॉक केलं, बंद.' बाई रडकुंडीला आल्या होत्या, त्यांना वाटत होतं की आपल्यालाच पासवर्ड टाकता येत नाही. मी विचारलं, मॅडम, पासवर्ड कधी बदलला? नऊ दिवसांपूर्वी. ऑफिसचा मेल आणखी कुठे उघडता? फोनवर, तिथे नवा पासवर्ड टाकलाय. आणखी कुठे? थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, घरी एक जुना टॅब आहे, नातू गेम खेळतो. त्या टॅबवर मेल होता आणि तो रात्रंदिवस जुनाच पासवर्ड पाठवत होता. चुकीचे प्रयत्न ठराविक आकड्याला पोचले की अकाउंट आपोआप लॉक.

टॅबवरून मेल काढायला सांगितला, अनलॉक केलं, आणि तिकिटात सगळं लिहिलं: पासवर्ड बदलल्याची तारीख, कोणतं उपकरण, काय काढलं, पुन्हा झालं तर आधी काय विचारावं. पुढच्या आठवड्यात टीम लीडने तेच नोंदीच्या पानावर घेतलं, सगळ्या शिफ्टसाठी. त्या बाईंचा त्या कारणासाठी पुन्हा फोन आला नाही.

सव्वा वर्षाने मी एल टू ला, म्हणजे जास्त अवघड अडचणी बघणाऱ्या पुढच्या पातळीवर गेले आणि कंपनीच्या थेट पेरोलवर आले. ए प्लसची मुदत तीन वर्षांची असते, माझी मार्च २०२६ पर्यंतची. तीच परीक्षा पुन्हा न देता कॉम्पटियाचीच सिक्युरिटी प्लस देणार आहे, ती पास झाली की ए प्लसचीही मुदत वाढते. रविवारी सकाळी वही घेऊन बसते, काकूंची खोली तीच आहे, आणि यावेळची फी माझ्या पगारातून भरली आहे.