तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चा विषयावर का ठेवायची?

आमच्या वाचनगटात एखादा शोधनिबंध घेऊन ऑनलाइन चर्चा होते. ती चालवताना "हे इथे नको, वेगळा धागा काढा" असं मी बरेचदा लिहिते. मग कुणीतरी विचारतंच, बहुतेकदा नवा सभासद: विषय इतका आवळून धरला तर नवं काही सुचणार कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला दर वेळी ऑगस्ट २०१० आठवतो. एचपी लॅब्जमधले संशोधक आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विनय देवळालीकर यांनी शंभराहून अधिक पानांचं हस्तलिखित काही तज्ज्ञांना ईमेलने पाठवलं. दावा होता पी (झटपट सोडवता येणारे प्रश्न) आणि एनपी (ज्यांचं उत्तर झटपट तपासता येतं असे प्रश्न) समान नसल्याचा. ज्या प्रश्नाचं उत्तर झटपट तपासता येतं, तो प्रश्न झटपट सोडवताही येतोच का, हे ते कोडं. क्ले इन्स्टिट्यूट या गणितसंस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस ठेवलेलं आहे. हस्तलिखित दोनच दिवसांत सगळीकडे पोचलं. हा माणूस कोण, बक्षीस मिळणार का, यावर बोलायला सगळेच तयार होते. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट ॲरन्सन यांनी सिद्धता बरोबर निघाल्यास आपल्या खिशातून आणखी दोन लाख डॉलर द्यायची तयारी दाखवली, तर त्या पैजेचीच चर्चा होऊ लागली.

या गलक्यात गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी तीन प्रश्न वेगळे काढले. किरकोळ दुरुस्त्या करून ही सिद्धता उभी राहते का? मोठे बदल केले तर राहील का? आणि मुळात या वाटेने जाण्यात काही अर्थ आहे का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. तोवर एकजण पहिल्याबद्दल बोलत होता, दुसरा तिसऱ्याबद्दल, आणि दोघांना वाटत होतं की आपलं भांडण आहे. विषयावर राहणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच: आपण कुठल्या प्रश्नाला उत्तर देतोय ते ठाऊक असणं.

शेवटी ती सिद्धता टिकली नाही. निर्णायक ठरलेल्या आक्षेपांपैकी एक मला फार आवडतो. यादृच्छिक के-सॅट या कोड्याची (यदृच्छेने निवडलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या करायच्या, असं हे अवघड कोडं) उत्तरं वेगवेगळ्या झुबक्यांत विखुरलेली असतात, आणि त्या रचनेवर देवळालीकरांच्या युक्तिवादाची भिस्त होती. पण के-एक्सॉरसॅट नावाच्या कोड्यातही असेच झुबके असतात, आणि ते तर कॉलेजात शिकवतात त्या गाउसच्या निरसन पद्धतीने सहज सुटतं. म्हणजे तोच युक्तिवाद सोप्या कोड्यालाही अवघड ठरवू पाहत होता. हा आक्षेप घ्यायला लेखकाबद्दल काहीच माहिती लागत नाही. काही दिवसांतच संगणकशास्त्रज्ञ नील इमरमन यांनी तर्कशास्त्राच्या भागातली गंभीर चूकही दाखवली.

आता सुचण्याबद्दल. २००९मध्ये गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी पॉलिमॅथ नावाने, फुली-गोळ्यासारख्या मांडणीबद्दलच्या हेल्स-ज्युएट प्रमेयाच्या घनता-रूपाची नवी सिद्धता सर्वांनी मिळून शोधायचा प्रयोग केला. प्रत्येक प्रतिसादाला क्रमांक असे. त्याच प्रश्नाची छोट्या आकड्यांसाठी उत्तरं काढणारी एक उपशाखा फुटली, तेव्हा तिला २००पासूनचे क्रमांक देऊन टाओ यांच्या ब्लॉगवर वेगळी जागा मिळाली. मूळ सिद्धता तर झालीच, शिवाय त्या उपशाखेतून स्वतंत्र निबंध निघाला. मूळ धाग्यातच राहिली असती तर ती बुजली असती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी "वेगळा धागा काढा" लिहिते तेव्हा तो धागा निघावा असं मला खरंच हवं असतं.

एक मात्र आहे. "लेखकाबद्दल बोलू नका" असा सरसकट नियम मी करत नाही. गणिताच्या सिद्धतेला पैसे कुणी दिले याने तिच्यातली एकही पायरी बदलत नाही. पण औषधाच्या चाचणीचा खर्च औषध विकणाऱ्यानेच केला असेल, आणि कच्ची आकडेवारी उघड केलेली नसेल, तर तो प्रश्न विषयातलाच आहे. तो विचारणाऱ्याला मी अडवत नाही, उलट त्याचा प्रतिसाद सगळ्यांत वर लावून ठेवते.