ऐंशी वर्षं आणि सात आठवडे

लंडनमध्ये मी घरांच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम बघते. मे 2025च्या पहिल्या आठवड्यात हॅरोमधल्या एका फ्लॅटची फाइल आली. घेणारं जोडपं मूळचं पुण्याचं. एजंटच्या जाहिरातीत ‘शिल्लक लीज 81 वर्षं’ असं छापलेलं.

लीज, म्हणजे फ्लॅट ठरावीक वर्षांसाठी देणारा भाडेपट्टा, काढून वाचलं. दस्तावरची तारीख सप्टेंबर 2007ची, पण आतल्या कलमाप्रमाणे 99 वर्षं मोजायची ती 24 जून 2006पासून. फ्लॅट पुढेमागे विकले गेले तरी मुदत सगळ्यांची एकाच दिवशी संपावी म्हणून बिल्डर इमारतीला एकच आरंभतारीख ठेवतात. एजंटने दस्ताची तारीख धरली होती. खरी शिल्लक निघाली 80 वर्षं आणि जेमतेम सात आठवडे.

हे सात आठवडे फार मोलाचे होते. 1993च्या कायद्याने फ्लॅटधारकाला शिल्लक मुदतीवर आणखी 90 वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीचं भाडं, शून्यावर येतं. त्यासाठी फ्रीहोल्डरला, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाला, प्रीमियम (मोबदला) द्यावा लागतो. मुदतवाढ मागणारी नोटीस देण्याच्या दिवशी 80 वर्षांहून अधिक मुदत असेल, तर प्रीमियममध्ये ‘मॅरेज व्हॅल्यू’ धरत नाहीत. नसेल, तर लीज वाढल्यामुळे होणाऱ्या मूल्यवाढीतला निम्मा वाटा फ्रीहोल्डरला जातो. 2024च्या कायद्यात हे रद्द करायची तरतूद आहे, पण ती तेव्हा लागू झालेली नव्हती.

“नोटिशीसाठी दोन वर्षं मालकी असण्याची अट जानेवारीत गेली ना? मग घर ताब्यात आल्यावर आम्हीच देऊ की,” जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं. अट 31 जानेवारी 2025ला गेली, हे खरंच. पण पैसे देऊन किल्ल्या मिळाल्या तरी लँड रजिस्ट्रीत नाव चढेपर्यंत कायद्याने मालकी विकणाऱ्याकडेच असते, आणि नोंदणीला कित्येक महिने लागू शकतात. 24 जून तोवर कधीच उलटून गेला असता.

म्हणून नोटीस विकणाऱ्याने द्यायची आणि तिचे हक्क विक्रीबरोबर खरेदीदाराला सोपवायचे, असं ठरवलं. विकणाऱ्या बाईंना खर्चाची धास्ती होती, आणि ती रास्तच होती, कारण नोटीस दिली की फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि मूल्यांककाचा वाजवी खर्च नोटीस देणाऱ्यावर येतो. करारात खास अट घातली, की हा सगळा भार खरेदीदार उचलतील. मगच त्या तयार झाल्या.

नोटिशीत फसायच्या जागा बऱ्याच. प्रीमियमचा आकडा नाममात्र लिहिला तर नोटीस बाद ठरू शकते, म्हणून आधी मूल्यांककाकडून आकडा घेतला. फ्रीहोल्डरच्या उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. मी वर काही दिवस जास्त ठेवते. या लीजमध्ये व्यवस्थापन कंपनी तिसरा पक्ष होती, तेव्हा तिलाही नोटीस द्यायला हवी होती. हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं.

नोटीस मेमध्येच हातोहात पोहोचवली आणि टपालानेही पाठवली. मूल्यांकनाची तारीख तिथेच गोठली.

विक्रीच्या दिवशी मी सगळ्यात जपून पाहिलं ते हस्तांतर. लीज आणि नोटिशीचे हक्क एकाच वेळी गेले नाहीत, तर नोटीस मागे घेतली असं कायदा मानतो. मग 12 महिने नवी देता येत नाही, आणि तोवर 80चा उंबरठा गेलेला असतो. दोन्ही दस्तांवर त्याच दिवसाची तारीख घातली आणि फ्रीहोल्डरच्या वकिलाला लगेच कळवलं.

उत्तरादाखल आलेल्या नोटिशीत हक्क मान्य होता, वाद फक्त आकड्याचा. अशा वेळी ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करायला ती नोटीस मिळाल्यापासून सहा महिने असतात. बोलणी गोडीत चालली होती, तरी मी मुदतीआधी अर्ज करून ठेवला. तो नसता तर बोलणी चालू असतानाच दावा संपला असता. प्रीमियम सुनावणीआधीच ठरला. त्यानंतरही नवं लीज दोन महिन्यांत झालं नाही तर पुढच्या दोन महिन्यांत कोर्टात जावं लागतं, म्हणून ती तारीखही डायरीत लिहिली आणि दोघांना लेखी कळवली.